तंबूचं अस्तर

— दोन्ही आकडे बरोबर आहेत, साहेब. चार तासही बरोबर अन् साडेसहा तासही बरोबर. पण तुम्ही आधी बसा, उभ्या माणसासंग बोललं की माही मान धरते. तो स्टूल ओढा, त्याच्यावरचा कपडा तिकडं सरकवा — गणपतीच्या मंडपाचे पडदे आहेत, आज संध्याकाळपर्यंत चार द्याचे आहेत, म्हणून मशीन चालू ठेवते. तुम्ही एवढी फाईल घेऊन आले अन् मी बसली मशीन हाणत, राग नका मानू. कुठले तुम्ही? साताऱ्याकडचे? वाटलंच. तुमचे कॅप्टन पांढरीपांडे साहेबही असेच साफ बोलतात, पण ते आपल्या नागपूरच्या धरमपेठेतले, त्यायले आमचं बोलणं समजते. तुमाले नाही समजलं तं मधात थांबवा. आता तुमचा प्रश्न काय, तं एकाच तंबूचे दोन आकडे काहून. पहिल्या कागदात ए.सी. दिवसाले चार तास चालला, अन् दुसऱ्या कागदात तोच ए.सी., तोच तंबू, अन् साडेसहा तास. सांगते ना. सुरवातीपासून सांगते, म्हणजे तुमाले पुन्हा कामठीपर्यंत यावं लागणार नाही.

एप्रिल सरत आला होता. दुपारची वेळ, अन् दारात एक लंबा पोरगा उभा, साधा शर्ट-पँट, खांद्यावर जाडजूड पडदा. मले वाटलं बिछायत केंद्रातून आला — मी तीस वर्षांपासून बिछायतवाल्यायच्या कनाती, मंडपाच्या कापडी भिंती, शिवून राहिली, लग्नाचा मंडप, तेरवीचा मंडप, पुढाऱ्याचा मंडप, कामठीत अर्ध्या मंडपांवर माही शिवण आहे. तं मी त्याले म्हटलं, चप्पल बाहेर काढ, अन् ते ओझं तिथं टाक, अन् तुह्या मालकाले सांग की मागच्या पडद्यावर मुलांनी भाजी सांडली होती, धुऊन पाठवत जा. त्यानं चप्पल काढली. पडदा टाकला. अन् म्हणे, मावशी, मालकाला सांगतो, पण मी फौजेतून आलोय. कॅप्टन गौरांग पांढरीपांडे. मायबाई, माह्या तोंडचं पाणीच पळालं. पण तो हसला, अन् मग मीही हसली, अन् तिथून आमचं जमलं.

काम बारीकसं होतं. पडद्याची चेन बदलून द्या. मी म्हटलं, बदलून देते, पण आठ दिवसांनी पुन्हा येसाल, कारण हिच्यात रेती गेली आहे, रेतीत चेन चालत नाही. हा पडदा कुठचा आहे? मग त्यायनं सांगितलं. कन्हानच्या बाजूले मैदानात फौजेचा सराव-कॅम्प लागला होता, अडीच महिन्यांचा. त्यात एक तंबू दवाखान्याचा. ज्या जवानाले ऊन लागलं त्याले तिथं आणून निजवत. आमच्या इथलं ऊन तुमाले नाही माहीत, साहेब — पंचेचाळीस, सेहेचाळीस डिग्री, डोंगरातला नाहीतर समुद्राकडचा पोरगा इथं दोन दिवस धावला की तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडते. त्यायच्यासाठी तंबूत ए.सी. लावला, ए.सी.साठी जनरेटर, जनरेटरसाठी डिझेल. दिवसभर धडधड-धडधड. अन् साहेबाले वरून हुकूम, की डिझेल कमी करून दाखवा. त्यायनं तंबूच्या आत लावाले चमकीचं अस्तर मागवलं होतं, तयार, बाहेरून. माल वाईट नव्हता. पण त्याच्या दाराची चेन महिन्याभरात मेली, अन् दार उघडं ते उघडं.

मी म्हटलं, साहेब, मले एकदा तो तंबू पाहू द्या. ब्लाऊज अंगावर पाहिल्याशिवाय कुठं ओढते ते समजत नाही.

तं गेली मी. जीपमधी बसून गेली, पूर्ण गल्लीनं पाहिलं. अन् तंबू पाहिला तं हसूच आलं. अहो, खालून वीतभर उघडा, कनातीच्या जोडावर बोट घालावं तं जाते, वरचं कापड सरळ आतल्या कापडावर टेकलेलं — म्हणजे वरचं तापलं की खालचं तापलंच. थंडी हवा ए.सी.तून निघते अन् फटीतून बाहेर जाते. तुम्ही लोकं पूर्ण कन्हानचं मैदान थंड करून राहिले, असं मी साहेबाले बोलली. ते म्हणाले, मावशी, इथं डिझेल ट्रकनं येतं. मी ज्या पहाडावर होतो तिथं खेचराच्या पाठीवर यायचं, अन् खेचर थकलं की पोरांच्या पाठीवर. तिथं थंडी आत घुसते अन् इथं ऊन, पण फट तीच. इथं जमलं तर तिथं चालेल. हे त्यायनं हळूच सांगितलं, कोणाले भाषण देतो तसं नाही. पण मले रात्री जेवतानाही तेच आठवत होतं, की माणसाच्या पाठीवर डिझेल, अन् इथं फटीतून जाऊन राहिलं.

मग मी काम हातात घेतलं. काय केलं ते लिहून घ्या, हे तुमच्या कामाचं आहे. पहिलं, खालून घेर लावला, दीड हात रुंद, जमिनीवर पसरवाचा अन् त्याच्यावर माती टाकाची. दुसरं, वरचं कापड बांबूवर उचलून घेतलं, आतल्या कापडापासून वीतभर दूर, अन् ते पांढरं — मधातून गरम हवा निघून जाते. आमच्या लग्नाच्या मंडपात असंच करतो आपण, नाहीतर पाहुणे जेवाले बसतच नाही. तिसरं, जोड सगळे दुमडून दोन-दोन टाके. चौथं, वर एक जाळीची खिडकी, बारकी, नाहीतर औषधाच्या वासानं बिमार माणूस आणखी बिमार. अन् दारासाठी मी पूर्ण एक दिवस त्या तंबूत बसून राहिली. एका कोपऱ्यात, स्टुलावर. काहून, तं पाहाचं होतं की दार उघडं कोण ठेवते. अन् सगळेच ठेवत. हातात स्ट्रेचर, हातात बादली, हातात सलाईन — चेन लावाले हात कुठून आणन कोणी? पडदा वर बांधून ठेवत, सोपं काम. मग मी दोन पडदे केले, एकामागं एक, मधात एक माणूस उभा राहील एवढी जागा, अन् दोन्ही पडद्यांच्या काठात सायकलच्या जुन्या चेना शिवून टाकल्या. माणूस आत गेला की पडदा आपल्या वजनानं खाली. कोणाले सांगाले नको, कोणावर ओरडाले नको. तिथल्या दवाखान्याच्या मेजर डॉक्टरीणबाईनं माह्या पाठीवर हात ठेवला, खरं सांगते.

मग मोजमाप. दोन तंबू शेजारी-शेजारी, एक जुना, एक माहा. दोघांत सारखा ए.सी., थंड झालं की आपोआप बंद होणारा. किती वेळ चालते ते मोजाचं, आठ दिवस. जुन्यात दहा तास. अन् माह्यात चार. साहेब स्वतः इथं आले होते सांगाले, दारातच उभे राहून म्हणाले, मावशी, चार. मी पेढे आणले. आमच्या घरच्यायनं तं गल्लीत सगळ्यायले वाटले, ज्यायच्याशी दहा वर्षं बोलत नाही त्यायलेही. साहेबानं आकडा वर पाठवला, वरून शाबासकीचं पत्र आलं. मग दोन दिवसांनी एक पडदा इथं दुरुस्तीले आला, कोपरा उसवला होता, अन् त्याच्या काठावर गंजाचा डाग —

— काही नाही. डाग होता, बस. लोखंड आहे, गंजतेच. मग पुन्हा मोजलं, साडेसहा आले, ते तुमच्या कागदात आहेच. झालं. चहा ठेवू का? ... काय पाहून राहिले? हो, मे महिनाच होता. ... पाऊस? पाऊस कुठचा, साहेब, मे महिन्यात. कोरडं ठणठणीत. ... आता लोखंड कशानं गंजलं ते मी काय सांगू, मी शिवणारी बाई आहे. तुम्ही ते लिहू नका बरं. मी बोलण्याच्या भरात बोलली.

साहेबानं लिहिलंच असन ना काही कारण? काय लिहिलं आहे, वाचा बरं. ... पुन्हा वाचा. ... "पहिल्या नोंदी घेताना माझ्याकडून हयगय झाली." माझ्याकडून म्हणजे? साहेबाकडून? ... त्यायनं स्वतःचं नाव टाकलं? मले तं त्यायनं सांगितलं होतं, मावशी, कागदात कोणाचंही नाव येणार नाही. मी समजली, कोणाचंच नाही. ... अन् त्यापायी काय झालं त्यायचं? ... पुढचं काम दुसऱ्याले दिलं? पहाडावरचं? जे त्यायनं सुरू केलं, ते?

थांबा. मशीन बंद करते.

हे पाहा साहेब, तो पोरगा खोटं बोलला. तुमच्या कागदावर खोटं आहे. हयगय त्याची नव्हती. पाणी मारलं होतं माह्या तंबूवर. अन् ते आमच्या घरच्यायनं मारलं.

आमचे हे आधी पावरलूमवर होते, लूम बंद पडल्यावर कूलरचं काम धरलं — उन्हाळा आला की घरोघरी कूलरले वाळ्याच्या नव्या ताट्या लावणं, पंप पाहणं. पाणी अन् वारा, एवढंच त्यायचं शिक्षण, पण त्यात पक्के. कॅम्पात स्वयंपाकाच्या बाजूचे कूलर भराले माणूस पाहिजे होता, तं साहेबानंच रोजीवर ठेवून घेतलं. अन् ह्यायनं काय केलं, तं कन्हानहून भावाची फवारणीची टाकी आणली, ती पाठीवर बांधतात ती, कापसावर औषध माराची. रोज उन्हाच्या वेळी, अधिकारी लोकं आजूबाजूले नसले की, माह्या तंबूच्या मागून फिरून पांढऱ्या कापडावर पाण्याचा फवारा, निथळलेलं पाणी दाराच्या पडद्यापर्यंत. दिवसातून तीन डाव. ओलं कापड अन् वरून गरम वारा — कूलरच झाला तो, तंबू कुठचा. जवान पोरं विचारत, काका, क्या मार रहे हो? हे म्हणत, मच्छर की दवा. अन् ती पोरं थँक्यू म्हणत. आठ दिवस थँक्यू घेतलं ह्यायनं.

अन् मले पत्ता नाही. तो पडदा इथं आला, ह्याच मशीनवर ठेवला, उलटा केला, अन् काठाले तांबडा डाग, ओघळ आलेला. कपडा मले सगळं सांगते, साहेब. घामाचा डाग वेगळा, तेलाचा वेगळा. हा पाण्याचा होता, अन् एका दिवसाचा नाही, एकावर एक चढलेल्या कडा. मी तिथंच बसून राहिली. नंतर हे जेवाले आले, ताट वाढलं, अन् विचारलं, तंबूवर पाणी कोण मारत होतं?  भात घेतला. वरण घेतलं. पुन्हा भात घेतला, जो माणूस कधी दुसऱ्यांदा भात घेत नाही. मी म्हटलं, ताटातून उठू देणार नाही. तेव्हा बोलले.

मले इतका राग आला होता, की सांगता येत नाही. पाण्याचा नाही — राग ह्याचा, की ह्या माणसाले माह्या शिलाईवर भरोसा नाही. तीस वर्षं मी शिवून राहिली, अन् ह्यायले वाटलं मी हरणार. तेच मी बोलली. तं हे ताटाकडं पाहून म्हणे, "भरोसा होता वं. तू जिंकशीलच हे माहीत होतं. पण थोडक्यात जिंकशील असं वाटलं. तुले सगळंच थोडक्यात भेटलं माह्या घरी. म्हटलं, एक डाव भरपूर भेटावं."

 भांडण तयार होतं माह्या तोंडात, पूर्ण, शब्दासकट. ते तिथंच राहिलं. मी उठून ह्यायच्या ताटात तूप वाढलं. अन् मग म्हटलं, पण मी उद्या जाऊन साहेबाले सांगणार. हे म्हणे, नको. म्हटलं, उद्या पहाडावर पाणी माराले कोण जाईल, तुम्ही? तिथं पोरं चार तासाच्या भरोशावर डिझेल नेतील, अन् लागन साडेसहा तासाचं. मग ह्यायनं ताट बाजूले सरकवलं. तेव्हा साडेसहा माहीत नव्हतं, मी आता सांगून राहिली म्हणून तो आकडा तोंडात आला. पण चार नाही, एवढं माहीत होतं.

सकाळी शेअर ऑटो पकडला, कॅम्पात गेली. साहेब कामात होते, थांबली. मग सांगितलं सगळं, टाकीपासून मच्छरच्या दवापर्यंत. माह्या मनात, आता हा पोरगा ओरडन, अन् ओरडावंच. त्यायच्या टेबलावर ते शाबासकीचं पत्र होतं, मी पाहून राहिली होती.  टोपी काढली, पुन्हा घातली. मग विचारलं, काका कुठं आहेत? मी म्हटलं, घरी, टाकी उलटी घालून बसले आहेत, येत नाही म्हणतात. तं म्हणाले, त्यांना घेऊन या, उद्यापासून पुन्हा मोजू, आणि पहारा काकाच करतील.

अन् तसंच केलं, साहेब. तुम्ही हसा, पण तसंच केलं. आठ दिवस आमचे हे त्या तंबूसमोर कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले, हातात वही, ए.सी. चालू झाला की लिहा, बंद झाला की लिहा. कोणी जवान पाण्याची बाटली घेऊन त्या बाजूनं गेला तरी उठून उभे राहत — इकडून नाही, तिकडून जा. एकानं तंबूच्या दोरीवर ओला टॉवेल वाळत टाकला, तं त्याले धरून साहेबासमोर नेलं. आठव्या दिवशी साडेसहा तास आले, अन् शेजारचा जुना तंबू तेच दहा तास. साहेबानं वही पाहिली, म्हणाले, "मावशी, साडेतीन तास वाचले. हे आपले आहेत." अन् खरं सांगते, चार तासाच्या वेळी पेढे वाटले, पण तोंड गोड ह्या वेळी झालं. मग कॅम्पातल्या आणखी पाच तंबूंले अस्तर मीच शिवलं, घेर लावला, चेना शिवल्या. कामठीतल्या सायकलवाल्याकडं जुनी चेन उरली नाही. ऊन लागलेला एक पोरगा, मणिपूरकडचा, जाताना मले सांगून गेला — भाषा काही समजली नाही, पण पडदा पाडून दाखवला अन् हसला.

तं अशी गोष्ट आहे. मी तुमाले निम्मीच सांगणार होती. आधीपासून ठरवून बसली होती, की कोणी विचारलं तं साहेब म्हणाले तेच सांगाचं, काही कारण होतं, मोजमाप चुकलं, बस. ह्यायलेही तसंच वचन दिलं होतं. काहून, तं पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा कॅम्प लागन, अन् ह्यायले तिथं जायाचं आहे. रोजीसाठी नाही हो. तिथं त्यायले सगळे काका म्हणतात, सलाम करतात, लूम बंद पडल्यापासून इतकी इज्जत कुठं भेटली नव्हती. ती इज्जत जाऊ नये म्हणून तो पोरगा स्वतःचं नाव टाकून मोकळा झाला, अन् मले पत्ताही लागू दिला नाही. मागच्या आठवड्यात फोन आला होता त्याचा, मावशी, कशा आहात, काका कसे आहेत. पहाडाचं काम हातून गेलं ह्याच्याबद्दल एक शब्द नाही. मीच मूर्ख, म्हटलं, बाळा, पहाडावर जाशील तेव्हा तिथल्या तंबूचं माप पाठव, मी इथून शिवून देते. तं म्हणे, हो मावशी, पाठवतो.

चहाचं राहू द्या आता. तुम्ही तो पेन काढा. मघाशी मी म्हटलं ना, लिहू नका — आता लिहा. असं लिहा, की कॅप्टन पांढरीपांडे साहेबाची चूक नव्हती. नोंद बरोबर होती, तंबूच ओला होता. त्यायले माहीत नव्हतं, अन् ज्या दिवशी माहीत झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यायनं पुन्हा मोजाले घेतलं. पाणी कोणी मारलं? ... लिहा ना. माणसाचं नाव लिहिल्याशिवाय तुमचे वरचे लोक मानणार नाही, ते मले समजते. धोंडबा. धोंडबा निमजे, राहणार कामठी. हो, माह्या नवऱ्याचं नाव आहे. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा घेतलं तोंडानं, मंगळसूत्राच्या शपथेनं सांगते, लग्नातल्या उखाण्यातही मी घेतलं नव्हतं, हसत बसली होती. अन् माहंही लिहा, प्रेमिला निमजे, हिनं सांगितलं. कुठं सही कराची? इथं? ... नीट आली नाही, हात मशीनच्या तेलाचा आहे. चालते? चालू द्या. अन् वर सांगा, की पहाडाचं काम त्या पोराले परत द्या. शिवणारी बाई तयार आहे म्हणावं.

... अहो, या. आत या. सायकल तशीच राहू द्या, पडत नाही. हे वरच्या ऑफिसातले साहेब आहेत, त्या आकड्यासाठी आले. ऐका, मी सांगून टाकलं. सगळं. टाकीचं, मच्छरच्या दवाचं. नाव घेऊन सांगितलं तुमचं. असे पाहू नका माह्याकडं, ती पिशवी खाली ठेवा अन् बसा. त्या पोरानं काय केलं ते तुमाले माहीत नाही. मलेही आत्ता समजलं.

साहेब, तुम्ही निघा आता. नाही, भांडण नाही होत, काळजी नका करू. फाईल घ्या, चष्मा राहिला तुमचा, तो घ्या. चौकात गेले की नागपूरची बस भेटते. दार ओढून घ्या जाताना, अन् पूर्ण लावा.